वाघापलीकडचं घर

माझ्या भाचीचं लग्न एका व्हिडिओ गेमपायी अडलंय, असं मी धसईच्या बाजारात ज्याला ज्याला सांगितलं, तो तो हसला. हसा म्हटलं. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. फोन पाण्यात पडलाच नव्हता, असं रोज दहा जण माझ्या तोंडावर सांगतात. मी निदान खरं बोलत होते.

झालं असं की आमच्या पाड्यावर लग्नघराच्या भिंतीवर तांदळाच्या पिठानं चौक लिहितात. काढत नाहीत, लिहितात. चौक झाल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि तो लिहावा लहानी आत्यानंच. ही माझ्या बापाची बहीण, पाड्यातल्या पाड्यात दिलेली, आता सत्तरीला टेकली आहे. पाड्यातलं शेंबडं पोरही तिला आत्याच म्हणतं. माझ्या भगीरथदादाच्या मुलीचं, रविनाचं लग्न सहा दिवसांवर आलं, तेव्हा दादा शेणाकाल्याची बादली आणि काव घेऊन मोठी भिंत सारवायला निघाला. तर आत्या कमरेवर हात ठेवून मध्येच उभी.

"त्या भितीवर माझा अर्धा चौक हाय. अर्ध्या चौकावर हात फिरवायचा नाय."

"आत्या, तो गेमचा नकाशा हाय गो!"

"माझ्या हातानं लिवलाय, म्हंजे चौकच. आधी तो पुरा करीन, मंग रविनाचा लिहीन. नायतर दुसरी बाई बघा."

रविनाचं तोंड एवढंसं झालं. पोरीनं डीजे सोडला, मेंदीवाली सोडली, पण चौक लहानी आत्याच्या हातचा पाहिजे हे ती पाच वर्षांची असल्यापासून सांगत आली होती. आणि आत्या एकदा नाय म्हणाली की बैल हलेल, पण ती हलणार नाही.

आता तो नकाशा. वीस-बावीस वर्षांपूर्वी, रविना जन्मायच्याही आधी, दादाला म्हशाच्या जत्रेतून घोंगडी आणायला पाठवलं होतं. तो घोंगडीऐवजी व्हिडिओ गेम घेऊन आला. बाबांनी त्या थंडीत त्याला पोतं पांघरायला दिलं, आणि गठडीसारखा तो त्या पोत्यात बसून महिनाभर खेळला. सोबत एकच कॅसेट. तिच्यावरचा कागद अर्धा फाटलेला, त्यामुळे गेमचं नाव आजतागायत आम्हाला ठाऊक नाही.

गेममध्ये एक माणूस होता. डोक्याचा एक ठोकळा, अंगाचे दोन, हातात काठी. झाडाजवळच्या एका झोपडीतून तो निघायचा, आणि चालत चालत पडद्याच्या कडेला गेला की चित्र बदलायचं आणि नवीन जागा यायची. कुठं नदी, कुठं गुहा, कुठं साप. एका गुहेत म्हातारा दिवा लावून बसलेला होता. तो भगत, हे आम्ही एका फटक्यात ठरवलं. रानात एकटा दिवा लावून दुसरं कोण बसतं? तो इंग्रजीत काहीतरी सांगायचा. ते कुणालाच कळत नव्हतं, म्हणून आम्ही आळीपाळीनं त्याच्या तोंडी आपापलं वाक्य घालायचो.

आत्या पहिल्या दिवशी आम्हाला ओरडायला आली आणि रिमोट घेऊन बसली. तिकडे तिची भाकर तव्यावर कोळसा झाली. तिला अक्षरओळख नव्हती आणि त्या गेमला त्याची गरजही नव्हती. एकदा शाळेचे गुरुजी आले आणि म्हणाले, "लहानीबाई, ह्याला ना नाक ना डोळे, काय बघता यात?"

"आमच्या चौकातल्या मानसाला तरी कुठं नाक हाय, गुरुजी? दोन तिकोनं जोडली तरी नाचतोय ना?"

गुरुजी चहा पिऊन गेले. माझ्या दुकानात आता असे फोन येतात की त्यांतल्या गेममध्ये हिरोच्या कपाळावरचा घाम दिसतो. दिसतो तर दिसू दे. आमच्या ठोकळ्याला घाम नव्हता, तो आम्हाला यायचा. त्याला भूक लागली, तो भ्यायला, त्याला सासरची आठवण आली, हे सगळं आम्हीच त्याला पुरवायचो.

आणि गेम होता महाखवट. वर जिवाचे तीन बदाम असायचे, पत्त्यांतल्यासारखे. ते संपले की मेला, आणि मेला की पहिल्यापासून. त्यात मध्येच लाइट जायची. दादा वैतागून रिमोट फेकायचा तर आत्या म्हणायची, "भात दरसाल पयल्यापासनं लावतोस ना? तवा नाय कंटाळत?" वाट विसरू नये म्हणून तिनं पिठात बोट बुडवून भिंतीवर एकेक जागा लिहायला घेतली. एका जागेचं एक घर. कुठल्या घरात साप, कुठं खड्डा, कुठून उडी. सत्तावीस घरं भरली.

सत्ताविसाव्या घरात वाट अडवून वाघ बसला होता. अंगावर पट्टे. आत्यानं गेम थांबवला, रिमोट खाली ठेवला आणि हात जोडले. "वाघोबा हाय. ह्याला काठी लावायची नाय." आमच्याकडे वाघोबा गावाच्या शिवेवर बसतो. वाघबारशीला त्याला नारळ देतात, शेंदूर लावतात. त्याला काठी मारण्याचा विचार कुणाच्या मनातही येत नाही. खालचं बटण दाबलं की आमचा माणूस वाकायचा, तो त्याचा नमस्कार. तीन वर्षं आम्ही मरत मरत सव्वीस घरं ओलांडून जायचो, वाघाला नमस्कार करायचो, आणि वाघ आम्हाला खायचा. मग टीव्ही जळाला. अठ्ठाविसावं घर कोरं राहिलं. आत्या दर दिवाळीला बाकीची घरं पिठानं उजळायची आणि ते कोरं सोडायची.

तर आता सहा दिवस हातात होते. मी माळ्यावरून मशीन काढलं. आत पालीची अंडी, वायरींचे दोन टाके सुटलेले. टाके दिले. नव्या टीव्हीला ती वायर लागेना, म्हणून मुरबाडच्या भंगारवाल्याकडून जुना डबा टीव्ही आणला. मग कॅसेटीत फुंकर मारायचा सोहळा झाला. दादानं मारली, मी मारली, मांडव घालायला आलेल्यांनी मारली. सगळ्यांच्या मागून आत्यानं एक हलकीशी मारली आणि गेम लागला.

आणि आम्ही सगळे किंचाळलो. गेम रंगीत होता! आमचा तो टीव्ही काळा-पांढरा, आम्हाला काय माहीत? आमचा माणूस पोपटी निघाला. नदी गुलाबी. भगत जांभळा.

"भगताला काय झालंय गो?" आत्या म्हणाली. "बाधलं का काय त्याला?"

रविनानं रिमोट घेतला. तिचा होणारा नवरा अक्षय, शहापूरकडचा, तानसाजवळच्या गावातला, व्हिडिओ कॉलवर होता. "अर्ध्या तासाचं काम हाय," तो म्हणाला. रविना दुसऱ्या घरात मेली. परत मेली. पहिल्या दुपारी अकरा वेळा मेली आणि अकराव्या वेळेला पदर खोचून हसत सुटली. दुसऱ्या दिवशी तांदूळ निवडायला आलेल्या बाया सुपं मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसल्या. "वर! वर! साप, गो, साप!" असा कल्ला. मांडवाचे बांबू धरून उभी माणसं खिडकीतून डोकावत होती आणि मांडव एका बाजूला कलत होता. नवरीला पार्लरची आठवण करून द्यायला आलेली मैत्रीण स्वतःच तीनदा मरून गेली.

चौथ्या दिवशी वाघ आला. आणि वाघ होता निळा.

आत्या पुढे सरकली, डोळे बारीक करून बघितलं आणि म्हणाली, "निळा तर निळा. पट्टे हायत ना?"

रविनानं नमस्कार केला. वाघानं खाल्लं. आत्या कोंबड्यांना दाणे टाकायला बाहेर गेली, तसा अक्षय फोनमधून कुजबुजला, "मार ना काठी, कोन बघतंय?" पोरगी पुन्हा तास घालवून तिथवर गेली आणि हळूच काठी मारली. वाघाला काही झालं नाही. त्यानं तिला खाल्लं.

"मारलास ना?" अंगणातून आवाज आला. "काठी वाजली ती!"

नमस्कार चालेना, मार चालेना. दोन दिवस राहिले. आता मात्र रविनाच्या डोळ्यांत पाणी आलं. "आत्या, दुसऱ्या कुनाला लिहू दे का मंग?"

आत्या तिच्या शेजारी बसली. "माझ्या हाताला सोस नाय का गो? तू जन्मलीस तवापासनं तुझा चौक माझ्या डोक्यात हाय. पन त्याच भितीवर मागचं अर्धं ठेवून पुढचं लिवाया बसले तर माझा हात कापंल. नि तो कापरा चौक घेऊन तू नांदाया जाशील. ते मला नको." असं म्हणून तिनंच रिमोट उचलला आणि पहिल्या घरापासून सुरुवात केली.

तिसऱ्या घरात झाडाखाली एक गोल वस्तू असायची. उचलली की हातात यायची, बटण दाबलं की माणूस ती खायचा आणि एक बदाम वाढायचा. जुन्या टीव्हीवर ती काळी दिसायची म्हणून आम्ही तिला करवंद म्हणायचो. आत्यानं ते उचललं.

"थांब थांब!" रविना ओरडली. "आत्या, करवंद लालभडक कुठं असतं? नि ते झाडाला पन नाय. तो गोटा हाय. लाल केलेला गोटा."

आम्ही सगळे पुढे वाकलो.

"शेंदूर," दरवाजातून दादा म्हणाला.

"म्हणजे तीन वर्षं आपण," मी म्हणाले, "वाघोबाचा शेंदूर खाल्ला?"

आत्यानं कपाळावर हात मारला. "रिकाम्या हातानं गेलो, नि वर त्याचंच खाऊन गेलो! तो खाईल नायतर काय पूजा करंल आपली?" आणि ती अशी हसायला लागली की तिला ठसका लागला, बायांनी पाठ चोळली, सुपं उलटी झाली. हसतच तिनं रिमोट रविनाच्या हातात दिला. "तू ने. तुझ्या लग्नाचं देनं हाय."

शेंदूर न खाता न्यायचा म्हणजे एक बदाम कमी. एकोणिसाव्या घरात एकच उरला. "खा! खा!" अख्खा मांडव ओरडत होता. "मरशील ना!" फोनमधून अक्षय ओरडला. "गप बस रे," नवरी म्हणाली. लाइट एकदा फडफडली तेव्हा मी देवाला नाही, लाइनमनला नवस बोलले. चोविसावं घर. सव्विसावं. वाघ. रविनानं खालचं बटण दाबलं, माणूस वाकला, लाल गोटा वाघापुढे राहिला.

निळा वाघ दोन पावलं बाजूला सरला.

असा गिल्ला झाला की समोरच्या डोंगरावरची गुरं बुजली. बाहेर मांडव खरोखरच पडला आणि कुणी वळूनही बघितलं नाही. माणूस पुढे चालला, चित्र बदललं, आणि आलं ते पहिलंच घर. तेच झाड, तीच झोपडी. रंग फक्त दुसरे, आणि एका सापाच्या जागी दोन.

"एवढंच?" दादा म्हणाला. "फिरून घरी?"

"मंग? वाघाला भेटून मानूस कुठं जाईल?" आत्यानं पिठात बोट बुडवलं आणि अठ्ठाविसाव्या घरात झोपडी लिहिली. दार उघडं ठेवलं. मग कुणाला हात लावू न देता स्वतः कावेचा बोळा घेतला आणि सगळं पुसून टाकलं. मी जेमतेम एक फोटो काढला. मला रडू आलं, कबूल करते.

दुसऱ्या दिवशी त्या भिंतीवर रविनाचा चौक झाला. हात जराही कापला नाही. घोड्यावर नवरा-नवरी, खाली तारपा वाजवणारा, कोपऱ्यात वाघोबा. नवरीला नाक नाही, डोळे नाहीत, पण हातात रिमोट होता, त्यामुळे शहापूरच्या पाहुण्यांनीही ती लगेच ओळखली.

पाठवणीच्या वेळी रविना गाडीत बसेना. आत्याच्या गळ्यात पडून हमसाहमशी रडत होती. आत्याचा गेम मात्र थांबला नव्हता. हळदीतून उठून, जेवणावळीतून उठून ती दुसरी फेरी खेळत होती, हे सगळ्यांना माहीत होतं. रडता रडता रविनानं नाक पुसलं. "आत्या, दुसऱ्या फेरीत वाघ कुठं बसलाय?"

"ठाव हाय मला," आत्या ताठ मानेनं म्हणाली. "सांगनार नाय. वाघबारशीला ये नि बघ."

"सांग ना गो!"

"नाय. ये नि बघ."

पोरगी रडत होती ती हसली, आणि हसतच गाडीत बसली. गाडी वळणाआड जाईपर्यंत आत्या हात हलवत उभी राहिली. मग तिनं पदरानं डोळे पुसले आणि माझं मनगट धरून मला घराकडे ओढायला लागली.

"मीना, चल, टीवी लाव बिगीबिगी. तो वाघ कुठं बसलाय ते वाघबारशीच्या आत सापडलं पायजे."