शंखाने उठलेला अंगठा

"उठला! अंगठा उठला!"

कोलकात्याच्या बेहाल्यातल्या त्या क्लबच्या हॉलमध्ये एकच गलका झाला. बायकांनी जीभ हलवत मंगल उलूध्वनी केला, मोबाईल उंच झाले, मागचे लोक चक्क खुर्च्यांवर चढले. मधोमध चटईवर सुयश आडवा होता, दोन महिन्यांत कमरेखाली लुळा पडत गेलेला. त्याच्या तळव्याशी मांडी ठोकून बसलेले शंखबाबा शंखाचं टोक टाचेपासून बोटांकडे ओढत होते. ओढलं की अंगठा वर! बाकीची बोटं फाकायची.

"नस जाग रही है, माई!" बाबा गरजले. "सात शनिवार, बस! मगर लोहा नहीं लगना चाहिए. चाकू लगा, शक्ति भागी!"

शक्ती म्हणे पळते! सुयशला पाऊल टाकता येईना, हिला मात्र पळता येत होतं.

पण त्याच्या आईला, नलिनीबाईंना, हसू कुठलं येतंय? त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. बँकेतल्या नवऱ्याच्या बदल्यांमागे फिरत त्यांनी तीस वर्षं मुलांना जीवशास्त्र शिकवलं. मात्र पोटचं पोर चटईवर पडलं की फळा आठवत नाही हो. सुयशच्या मणक्यात गाठ होती, मज्जारज्जू दाबणारी. सतरा दिवसांपूर्वीचं ऑपरेशन त्यांनीच हट्टाने रद्द करायला लावलं. सून रुचा भांडली, रडली. "मुलगा माझा आहे," म्हणून त्यांनी तिला गप्प केलं.

आज तिसऱ्या शनिवारी रुचा त्यांच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर राहणाऱ्या डॉक्टर अलकाला ओढून घेऊन आली होती. अलका मज्जासंस्थेची डॉक्टर, जन्माने कोलकात्याचीच.

"काकू, मी एकदा करून बघू?" अलकाने पर्समधून घराची किल्ली काढली.

"लोहा! लोहा!" बाबा किंचाळले.

तोवर किल्ली तळव्यावरून फिरलीसुद्धा. अंगठा वर! अगदी तसाच, मंत्राशिवाय.

बाबा सावरले. "मेरी शक्ति अभी पाँव में भरी है!"

"मग तुमच्या पायात तर कोठारच असेल," अलका हिंदीत म्हणाली. "पसरा बघू."

"पा-टा दिन ना, बाबा!" पाय द्या की, असं मागून कुणी तरी बंगालीत ओरडलं आणि हशा पिकला. बाबांना पाय पसरावा लागला. किल्ली फिरली. बाबांचा अंगठा खाली वळला. मग रुचाने चप्पल काढली. तिचाही खालीच.

"धडधाकट मोठ्या माणसाचा खालीच जातो," अलका नलिनीबाईंजवळ बसली. "मेंदूकडून येणारी वाट दबली की वर जातो, तान्ह्या बाळाचा जातो तसा. आम्ही याला बाबिन्स्की म्हणतो. हे बरं होण्याचं लक्षण नाही, काकू. दुखण्याचं आहे. हा बघा दाखल केलं त्या दिवशीचा कागद, बाबा भेटण्याच्या आधीचा. 'प्लांटर एक्स्टेन्सर'. म्हणजे अंगठा वर."

प्रतिक्षिप्त क्रिया! चटका बसला की हात मागे येतो, मेंदूला मागाहून कळतं. किती वर्गांना त्यांनी हे घोकायला लावलं होतं! नलिनीबाई सरपटतच पुढे झाल्या.

"सुयश, डोळे मीट. आता तू हलव, राजा. तुझा तू. एकदाच."

सुयशने दात आवळले. मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. पाय जागचा हलला नाही.

"हलला का गं, आई?" मिटल्या डोळ्यांनी त्याने विचारलं.

नलिनीबाईंनी त्याच्या पायावर हात ठेवला. मग त्या अलकाकडे वळल्या. "ऑपरेशन ठरलं तेव्हा डावा अंगठा तो स्वतः हलवत होता ना गं?"

"थोडासा. तेही कागदावर आहे."

"मी काय करून बसले हे!" त्यांनी कपाळ बडवून घेतलं. "आता येईल का परत?"

"सांगता येत नाही, काकू. पण आज नेलं तर उद्यापेक्षा बरं."

रुचाने फोन करून बोलावलेली ॲम्ब्युलन्स आली. बाबा मात्र बधले नव्हते. 'अविश्वासाने शक्ती रुसते' म्हणत त्यांनी पुढच्याला खूण केली. एक बाई मांडीवरच्या मुलीचा मोजा काढू लागली.

स्ट्रेचरमागे निघालेल्या नलिनीबाई थबकल्या. तिच्यासमोर खाली बसून त्यांनी हात जोडले आणि मोडक्या बंगालीत म्हणाल्या, "बाई गं, यांनी हलवलेलं खरं धरू नकोस. लेकीला म्हण, तुझी तू हलव. नाही हललं तर हिला उचल आणि डॉक्टरकडे पळ. मी सतरा दिवस यांच्या भरवशावर हात जोडून बसले."