दिवाळीतला नाताळ

आमच्या घराला दिवाळी अडलेली आहे. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं की तो सण त्या घराला अडतो, असं आमच्याकडं मानतात. मग दिवा नाही, तळण नाही, दारात रांगोळी नाही. एका वर्षापुरतं नाही, कायमचं. सुटका व्हायची वाट एकच: त्याच सणाच्या दिवशी त्या घरात लेकरू जन्मलं पाहिजे, नाहीतर दावणीची गाय व्यायली पाहिजे. आमच्याकडं दावणही नाही आणि गायही नाही.

आमचे अण्णा, म्हणजे वडील, नरक चतुर्दशीला गेले. आमच्या तेरखेडा गावाचं अर्धं पोट फटाके बनवण्यावर चालतं. शेवटचा माल निघायचा होता म्हणून एका शेडमध्ये त्यांना बोलावणं आलं. आईनं पहाटे पाठीला उटणं लावून न्हाऊ घातलं, फराळाचं ताट वाढलं. "आल्यावर खातो गं, झाकून ठेव," म्हणून गेले, आणि शेड उडाली. ते ताट कितीतरी दिवस झाकलेलंच होतं. चकल्यांना बुरशी आली तेव्हा मीच ते उचललं.

असल्या गावात दिवाळी टाळायची तरी कुठं? रानात गेलं तरी आवाज येतो. पहिल्या वर्षी प्रत्येक धमाक्याला आई भिंतीला टेकायची. माझा धाकटा भाऊ उत्कर्ष, त्यानं खिडक्या लावून घेतल्या आणि टीव्ही मोठ्यानं लावला. मराठी वाहिन्यांवर सगळ्या बायका पैठण्या नेसून खिदळत होत्या. हिंदीतही तोच तमाशा. शेवटी त्यानं मोबाईल जोडला आणि हाताला लागला तो सिनेमा लावला. परदेशी, हिंदीत बोलणारा. बर्फ पडतोय, झाडाला दिवे लावलेत, बाई भट्टीतून केक काढतेय आणि दारात लाल टोपीवाला म्हातारा उभा. हातात कुऱ्हाड. उत्कर्ष बदलायला गेला तर मी म्हणाले, "राहू दे."

तेव्हापासून दर दिवाळीला आमच्याकडं नाताळ असतो. नाताळचे भुताखेताचे, मारामारीचे असे कितीतरी सिनेमे निघतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी धाराशिवला एका शाळेच्या ऑफिसात कामाला आहे. तिथं डिसेंबरात पोरं कापसाच्या दाढ्या लावून गोळ्या वाटतात. इतक्या गोड सणाचे इतके भयाण सिनेमे का करत असतील, आणि लोक ते चवीनं का बघत असतील, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या मैत्रिणी म्हणतात, तुला घाबरायची हौस आहे. डोंबलाची हौस! घाबरायचं असेल तर तेरखेड्यात सिनेमा कशाला लागतो?

खरं सांगायचं तर ते सिनेमे मला खरे वाटतात. आपल्या सिनेमात सण आला की अख्खं खानदान एका रंगाचे कपडे घालून नाचतं. ह्यांच्यात बाहेर गाणी चालू असतात, दिवे लुकलुकत असतात, आणि आत एक बाई फरशीवरचं रक्त पुसत असते. शेजारी दारात येऊन हसत शुभेच्छा देतात. त्यांना आतलं काहीच माहीत नसतं. ते शेजारी बघितले की मला आमची गल्ली आठवायची. शिवाय तो सण आपला नव्हे. त्याच्यावर दात-ओठ खाता येतात. दिवाळीवर खाल्ले तर लोक म्हणतील, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

आईसुद्धा हळूहळू आमच्यात येऊन बसली. तिला एकच सिनेमा आवडायचा, रिकाम्या खुर्चीचा. ज्या घरातलं माणूस वर्षभरात गेलंय, त्या घरी नाताळच्या जेवणाला एक लाल कपड्यातला पाहुणा येतो आणि त्या रिकाम्या खुर्चीवर बसतो. मग एकेकाला मारतो. पाहुणा खुर्ची ओढायचा तिथं आम्ही दोघं भावंडं अंग चोरायचो. आई मात्र म्हणायची, "बसू द्या की. जेवून तरी जाईल."

त्या सिनेमाचा दुसरा भागही होता. तेच घर, वाचलेल्या त्याच मायलेकी, आणि पुन्हा झाड सजवलेलं. आई चमकून पुढं सरकली. "ह्यांच्यात अडत न्हाय?"

"नाही गं. त्यांच्यात तसं काही नसतं."

"एवढं मुडदं पडलं घरात, तरी बी?"

"तरी बी."

"मग बरंय त्यांचं," आई म्हणाली.

उत्कर्षचं लग्न झालं आणि अणदूरची निकिता आमच्या घरात आली. पहिल्या दिवाळीला बिचारी गोंधळून गेली. ना करंजी, ना पणती, आणि नवरा, सासू, नणंद बसलेत कुऱ्हाडवाला म्हातारा बघत. पण पोरगी मोकळ्या मनाची. दुसऱ्या वर्षी तिलाच गोडी लागली. तिची बघायची तऱ्हा निराळी होती. पडद्यावरची बाई ओरडली की ही तिच्यापेक्षा मोठ्यानं ओरडायची, उशी आवळून धरायची आणि मग पोट धरून हसायची. अण्णा गेल्यापासून आमच्या घरात दिवाळीला कुणी हसलं नव्हतं. आई तिच्याकडंच बघत बसायची, सिनेमा राहायचा बाजूला.

गेल्या वर्षी निकिताला दिवस गेले, आणि डॉक्टरांनी दिवाळीच्या आसपासची तारीख दिली. त्या दिवसापासून आईचा चेहराच बदलला. देवासमोर बसायची ती उठायचीच नाही. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं, ही रीत. निकिताची आई तारामतीबाई न्यायला आल्या तर आईनं त्यांना ताट वाढलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "हितंच करू. म्या करते सगळं."

"पहिलटकरीण हाय, विठाबाई. माझ्यापाशी असूं द्या," तारामतीबाई म्हणाल्या.

"ह्या घरात लेकरू झालं तरच सण सुटंल. तुमच्या दारात होऊन आमाला काय उपेग?"

मी तिथंच होते. माझं डोकं फिरलं. "आई, लेकरू म्हणजे काय कुलपाची किल्ली आहे का? येईल तेव्हा येईल."

"तुला न्हाय कळायचं, हर्षाली. तू नोकरीच्या गावी पळून जातीस. म्या हितं ऱ्हाते," ती म्हणाली.

पण निकितानंच तिढा सोडवला. "राहते मी इथं, मम्मी. माझ्या लेकराच्या पायगुणानं ह्यांच्या दारात दिवा लागला तर चांगलंच आहे की." तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कुणी तिला जबरदस्ती केली नाही. आम्ही फक्त आशा लावून तिच्या तोंडाकडं बघत बसलो. आशेचं ओझं जबरदस्तीपेक्षा वाईट असतं, हे मला आता कळतं.

धनत्रयोदशीला मी सुट्टी घेऊन घरी आले. दुपारपासूनच गावात बार उडायला लागले होते. खिडक्या लावल्या, सिनेमा लावला, आवाज वाढवला. निकिता भिंतीला टेकून, पाय लांब करून बसली होती. आई तिला अधूनमधून विचारायची, "कसं वाटतंय?" आणि लगेच पुढं म्हणायची, "आजचा दिस निघूं दे म्हणजे झालं. उद्या चतुर्दशी." निकिता मान हलवायची.

सिनेमात पाहुण्यानं खुर्ची ओढली आणि पोरगी किंचाळली. निकिताही किंचाळली. आम्ही हसलो. थोड्या वेळानं पुन्हा. उत्कर्ष म्हणाला, "अगं, अजून कुऱ्हाड निघाली न्हाय, तू आधीच सुरू!" तिनं उशीत तोंड खुपसलं. आम्हाला वाटलं, हसतेय. नंतर तिनं स्वतःच सांगितलं, "दुसरा भाग लावा." दिवस मावळेपर्यंत आमच्या घरात बायका ओरडत होत्या, आणि त्यातली एक आमची होती.

रात्री जेवली नाही, लवकर आडवी झाली. नरक चतुर्दशीच्या पहाटे गावात पहिल्या अंघोळीचे फटाके वाजले तेव्हा ती भिंत धरत आईपाशी आली. ओठ पांढरे पडलेले. म्हणाली, "आत्या, उजाडलं न्हवं? आता चला."

उत्कर्षनं गाडी काढली. आधी तालुक्याला, वाशीला नेलं, त्यांनी बघितलं आणि धाराशिवला पाठवलं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना फटाक्यांची दुकानं लागलेली, गिऱ्हाइकांच्या गाड्या उभ्या, आणि मधून आम्ही. दवाखान्याच्या व्हरांड्यात आई हात जोडून बसली होती. तिनं मला विचारलं, "आज चतुर्दशी दिसभर हाय न्हवं?" मी हो म्हणाले. मला तिचा राग आला नाही, तेवढं भानच नव्हतं.

दहाच्या सुमाराला मुलगी झाली. ती रडली नाही. डॉक्टरीणबाईंनी बाहेर येऊन सांगितलं, पाणी कधीच गेलं होतं, आणायला फार उशीर झाला. दिवस मात्र बरोबर होता.

संध्याकाळी निकितापाशी मी एकटीच बसले होते. ती छताकडं बघत बोलायला लागली. "काल दुपारीच पाणी गेलं होतं, ताई. म्हटलं, उद्यापर्यंत धरता येईल. बायका धरतात म्हणे."

"अगं, एक शब्द बोलायचीस तरी. ओरडायचं होतंस!"

तिनं मान वळवून माझ्याकडं बघितलं. "ओरडत तर होते."

मी उठून बाहेर गेले आणि नळाखाली तोंड धुतलं. पुन्हा पुन्हा धुतलं.

निकिता जे बोलली ते मी घरी आल्यावर आईला सांगितलं. तिनं त्यावर कुणाला दोष दिला नाही, स्वतःलाही दिला नाही. निदान तोंडानं तरी नाही. तिनं बोलणंच सोडलं. पंधरवड्यानं शेजारच्या दैवशालाकाकू भेटायला आल्या. रीतिभातीच्या जाणकार म्हणून गल्ली त्यांना मानते. इकडचं तिकडचं बोलून म्हणाल्या, "काय बी म्हना विठाबाई, जन्म तर त्याच दिशी झाला. सण सुटला म्हनायचा तुमचा." आई उठली. तिनं काकूंच्या चपला उचलून बाहेरच्या पायरीवर नेऊन ठेवल्या आणि दारात उभी राहिली. आमच्या घरातून चहा न पिता गेलेलं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

निकिता बरेच महिने अणदूरला होती. येणार नाही असंच मला वाटलं होतं, आणि आली नसती तर मी तिला नावं ठेवली नसती. पण यंदा दिवाळीच्या तोंडावर आली. ती रडली नाही, तिकडंही रडली नव्हती असं तारामतीबाई फोनवर म्हणाल्या. भाकरी करायची, कपडे वाळत घालायची, विचारलं की म्हणायची, बरी आहे. हसणं तर सोडाच, खोकली तरी तोंडावर पदर धरायची.

धनत्रयोदशीच्या दुपारी आम्ही चौघं एकाच खोलीत होतो आणि टीव्ही बंद होता. तो लावायची कुणाची हिंमत नव्हती. तेवढ्यात आईच म्हणाली, "उत्कर्ष, ते खुर्चीचं लाव."

"आई, नको," मी म्हणाले.

"लाव म्हनते न्हवं? आवाज बंद करून लाव."

तिनं स्वतः उठून खिडक्या उघडल्या. बाहेरचे धमाके घरात यायला लागले. आई एकाही धमाक्याला दचकली नाही. पडद्यावर बर्फ पडत होता, बाया-माणसं तोंडं हलवत होती, आवाज कशालाच नव्हता. आई नेहमीच्या जागी बसली नाही. टीव्हीकडं पाठ करून, निकिताच्या समोर, गुडघ्याला गुडघा लावून बसली आणि तिच्या तोंडाकडं बघत राहिली. पडद्यावर कधी काय होतंय ते ती आमच्या चेहऱ्यांवरून ओळखत असावी.

पाहुण्यानं खुर्ची ओढली. पोरीनं तोंड वासलं.

"निकिता, दुखतंय का गं?" आईनं विचारलं.

"न्हाय, आत्या."

पुढं जिन्यावर ती बाई किंचाळते ते आलं. आवाजाविना ते बघवत नव्हतं.

"दुखतंय का गं, बाळा?"

"न्हाय. बरी हाय मी."

उत्कर्ष तोंड फिरवून बसला. मला उठून टीव्ही बंद करावासा वाटत होता, पण आईनं हातानंच मला बस म्हणून खुणावलं. सिनेमा संपत आला. शेवटी ती माय लेकीला कवटाळून आभाळाकडं तोंड करून ओरडते. बाहेर कुणीतरी लड लावली होती, तिच्या कडकडाटात मला आईचे शब्द ऐकू आले नाहीत, नुसते ओठ दिसले. निकिताला मात्र ते कळले. ती लड संपेपर्यंत थांबली.

"व्हय, आत्या," ती म्हणाली. "लई दुखतंय. लई दुखत होतं."

आणि ती ओरडली. उशी नाही, पदर नाही. गल्लीला ऐकू जाईल अशी ओरडली. आई सरकून तिच्या मागं गेली आणि तिची कंबर चोळायला लागली, कळा आलेल्या बाईची चोळतात तशी, वरून खाली, वरून खाली. "वरड," ती म्हणत होती, "वरड माझ्या बाई. म्या ऐकतीय."