भोंग्यानंतरची शांतता

मार्गशीर्षातली कलती उन्हं ढोकीच्या शाळेच्या पत्र्याच्या हॉलमध्ये तिरपी शिरत, आणि मळीच्या वासानं जड झालेल्या त्या उजेडात, अगदी मागं, पोत्यावर डोळे मिटून बसलेल्या सुमनताई मला आजही दिसतात. नाटक त्या कानांनी बसवत. वाक्य त्यांच्यापर्यंत पोचलं नाही, की उजवा हात अलगद वर जाई; वाऱ्यानं उसाचं पान हलावं तितकाच.

ताई त्या शाळेत शिक्षिका. मी साखर कारखान्यात कारकून, आणि त्यांच्या नाटकात बापाच्या भूमिकेत. रविवारी तालीम रंगात आली, की नेमका पाळी बदलण्याचा भोंगा होई आणि संवाद त्यात बुडत. मी आवाज चढवी, तर ताई मागून म्हणत,

"भाऊ, त्याच्याशी कशाला भांडताव? होऊ द्या की त्याचं."

मग भोंगा विरेपर्यंत आम्ही जागच्या जागी थांबायचो. त्या थांबण्यात चेहरे निवळत, हातांना वजन येई. ताईंनी ती शांतताच नाटकात घेतली: लेकीचं शेवटचं पत्र वाचून बाप एका भोंग्याएवढा वेळ नुसता उभा.

धाराशिवच्या स्पर्धेत त्या क्षणी अख्ख्या प्रेक्षागृहानं श्वास रोखला. ही जागा कशी सुचली, परीक्षकांनी मला विचारलं. कारण प्रवेशिका मी भरली होती, आणि दिग्दर्शक म्हणून माझंच नाव लिहिलं होतं. मी दहा मिनिटं बोललो. ताई दाराशी, कपड्यांच्या ट्रंकेवर हात ठेवून ऐकत होत्या.

परतीच्या एसटीत त्या म्हणाल्या, "लई छान बोललाव, भाऊ. मला बी आजच कळलं."

मंडळी हसली. मीही हसलो.

पुढं बोलावणी मला येत. मी सबबी सांगून ती टाळत असे, कारण नाटक बसवणं मला कधी येतच नव्हतं. ताईंना कुणी बोलावलं नाही. निवृत्तीपर्यंत त्या शाळेतल्या पोरींना रंगमंचावर उभं राहायला शिकवत राहिल्या, आणि गेल्या हिवाळ्यात गेल्या.

आता आमच्या नाट्यमंडळाच्या स्मरणिकेनं माझ्या दिग्दर्शनावर लेख मागितला आहे. मी एकच ओळ पाठवली: दिग्दर्शन, सुमन माळी.

गाळप सुरू झालं, की भोंगा आजही होतो. तो विरला, की मी अंगणात तेवढाच वेळ उभा राहतो. गेलेलं माणूस काळाच्या ओघात हळूहळू शांतताच होऊन जात असावं. ताईंची ही शांतता तरी आता माझ्या नावावर नाही.