वैयक्तिक उदाहरण

पिन तिरकी बसली होती. तीन कागदांच्या डाव्या कोपऱ्यात मारलेली एकुलती एक पिन, आणि तिचं एक टोक मागे न वळता तसंच उभं राहिलेलं... अक्षदाचा अंगठा फिरून फिरून तिथेच जात होता. टोचत होतं तरी जात होता. जीप शेणव्याहून निघून सापगावच्या पुलावर आली, शेजारच्या बाईने मांडीवरची पाटी दोनदा तिच्या अंगावर रेलली, तरी तिची नजर काही त्या कागदांवरून हलेना. वाचून वाचून पाठ झालेला निबंध, आणि तोही स्वतःचाच. पर्यावरण संवर्धनात युवकांची भूमिका. पंचवीसपैकी एकवीस. वर्गात पहिली.

एकवीस मार्क पडले म्हणून राग आलाय असं कुणाला सांगितलं असतं, तर पोरीचं डोकं फिरलंय म्हणाले असते. पण राग आला होता. काल संध्याकाळपासून नुसता उकळत होता.

स्पर्धा परीक्षेच्या मुख्य पेपरात निबंध लिहावा लागतो, म्हणून ती सहा महिने शहापुरात हरेश सरांच्या क्लासला जात होती. काल सरांनी तिच्या पेपरच्या चाळीस झेरॉक्स काढून वर्गभर वाटल्या. "याला म्हणतात निबंध!" असं म्हणून तिला उभं केलं, पोरांनी टाळ्या वाजवल्या. क्लासची आदर्श निबंधांची पुस्तिका निघायची होती, तिच्यात पहिला निबंध हाच, नावगावासकट. कुणाला काही बदल करायचा असेल तर उद्या संध्याकाळी सहाच्या आत कळवा, मग छपाईला जाणार. टाळ्या वाजत होत्या तेव्हा ती चक्क लाजली होती. घरी परतताना जीपमध्ये तिने पहिल्यांदा परक्यासारखा तो निबंध वाचला, आणि दुसऱ्या पानावर अडकली.

'माझे वडील अज्ञानापोटी दरवर्षी झाडे तोडून शेतात जाळत असत. मी त्यांचे प्रबोधन केले आणि त्यांनी ही घातक प्रथा कायमची सोडली.' आणि समासात सरांचं अक्षर — 'वैयक्तिक उदाहरण. अप्रतिम!'

आता खोटं लिहिलं याचं तिला फारसं काही वाटत नव्हतं. सरांचा साचाच तसा होता — सुविचाराने सुरुवात, मग समस्या, मग कारणं, मग एक वैयक्तिक उदाहरण, मग उपाय, आणि शेवटी उगवत्या सूर्यासारखा आशावाद. वैयक्तिक उदाहरण हवंच हवं! तपासणाऱ्याला माणूस दिसला पाहिजे म्हणे. मग सगळेच माणसं दाखवत. कुणाची आजी नदी साफ करी, कुणाचा मामा दारू सोडी, एका पोराचा धडधाकट भाऊ तर तीन निबंधांत तीन वेगवेगळ्या रोगांनी वारला होता. तिने बापाला राब, म्हणजे पेरणीआधी शेतात फांद्या-पाला भाजायचं, सोडायला लावलं, एवढंच. परीक्षेतल्या खोट्याला कोण खोटं म्हणतो? पण तो शब्द... अज्ञानापोटी. तो ओळीत नव्हताच. ओळीच्या वर, दोन शब्दांच्या फटीत, खाली काकपद काढून बारीक अक्षरात घुसवलेला होता. झेरॉक्समध्ये सरांची लाल शाई आणि तिची निळी शाई, सगळं एकाच काळ्या रंगाचं झालेलं, तरी तिला खात्री होती. हा शब्द सरांनी घातला होता.

कोण हे सर? कोण लागून गेले? माझ्या बापाला अज्ञानी म्हणायचा अधिकार यांना कुणी दिला? — जीपच्या खडखडाटात ती मनातल्या मनात भांडत होती आणि भांडताना तिला ऐनाच्या झाडावर चढलेले बाबा दिसत होते. कमरेला कोयता, पायांची पकड अशी की झाडालाच फुटलेत. ती खाली उभी राहून ओरडायची, बाबा वरची पण तोडा ना, ती मोठी आहे, एकाच फांदीत भारा होईल. "शेंडा राखायचा गो," वरून आवाज यायचा. "शेंडा गेला का झाड बावरतं." दरसाल त्याच झाडांच्या फांद्या उतरवायचे आणि दरसाल ती झाडं पुन्हा भरायची. मग वैशाखात भाताच्या रोपांच्या तुकड्यावर आधी शेण, त्यावर वाळल्या फांद्या नि पाला, त्यावर गवत, आणि सगळ्यांवर बारीक माती. ती माती घालायचे ते अगदी हातानं, लेकराला पांघरूण घालावं तसं. पेटवायच्या आधी मूठभर धूळ वर उडवून वारा बघायचे, आणि वारा जिकडे चाललाय त्या टोकाला काडी लावायचे, म्हणजे आग वाऱ्याच्या उलट, धुमसत, हळूहळू सरकणार. तणाचं बी जळतं, माती भुसभुशीत होते, राख खाऊन रोप वर येतं. हे अज्ञान! मग ज्ञान कुठलं? सुविचारांच्या वहीतलं?

क्लासच्या जिन्यापर्यंत तिची सगळी वाक्यं तयार होती.

"सर, हा शब्द पुस्तिकेतून काढा."

हरेश सर मुरबाडकडचे, पस्तिशीचे, स्वतः दोनदा मुलाखतीपर्यंत जाऊन परत आलेले. हातात चहाचा कागदी कप होता. त्यांनी कागद जवळ घेऊन बघितला. "का? चांगला बसलाय की."

"माझे वडील अज्ञानी नाहीत."

"अगं, कोण म्हणतंय?"

"तुम्ही. तुम्ही घातलाय हा शब्द. ज्यांनी कधी राब भाजलेला बघितला नाही त्यांनी..."

"थांब थांब," सर हसले, आणि हसताना त्यांची क्लासमधली भाषा गळून पडली. "मला राब शिकवतेस? आमच्या घरी परवाच भाजला गो. आईचा फोन आलता, टाइम कधी मिळंल, येतोस का म्हनून."

राब न पाहिलेल्या माणसाशी भांडायला ती आली होती, आणि हा तर राबातलाच निघाला. हे जास्त वाईट होतं. "मग माहीत असून तुम्ही त्याला अप्रतिम म्हणता? घातक प्रथा म्हणून टाळ्या वाजवता?"

"पेपर मी तपासणार नाय ना परीक्षेत. जो तपासतो त्याला राब कळत नाय, प्रबोधन कळतं. त्याला जे कळतं ते लिहायचं, पोस्ट काढायची, मग खुर्चीवर बसून काय तो राब वाचव." एवढं बोलून त्यांनी कपाटातून मूळ पेपरांची फाईल काढली, थुंकी लावून पानं उलटली आणि तिचं पान तिच्यापुढे धरलं. "आणि शब्द मी नाय घातला. बघ."

लाल शाई समासात होती. 'अप्रतिम' लाल होतं, त्याखालची रेघ लाल होती. ओळीच्या वरचा शब्द निळा होता, काकपदासकट निळा.

तिने कागद उजेडाकडे धरला, उगाचच. आपलं अक्षर आपल्याला कळत नाही होय? शेवटची दहा मिनिटं उरली होती. लिहून झालं होतं. ती पुन्हा वाचत होती, आणि 'माझे वडील दरवर्षी झाडे तोडून' इथे तिला काहीतरी कमी वाटलं होतं, वाक्य मोकळं मोकळं वाटलं होतं, बाप नुसताच झाडं तोडतोय, का तोडतोय... आणि मग पेन आपसूक वर गेलं. इतकं आपसूक, की रात्रभर आठवलं नाही. साच्यात हा शब्द नव्हता. सरांनी कधी सांगितला नव्हता. कुणी मागितला नव्हता. तिने स्वतःच्या हाताने जागा करून तो बसवला होता, आणि बसल्यावर तिला बरं वाटलं होतं! हेही आता आठवलं. चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या ह्याच. सर चहा संपवून वर्गात गेले. जाताना एवढंच म्हणाले, "सहापर्यंत सांग. ठेवायचा का काढायचा."

त्यानंतरच्या तासाला सरांनी परिच्छेदातल्या दुव्यांबद्दल काहीतरी शिकवलं. तिने वहीत तारीख घातली आणि पुढे काही लिहिलं नाही. कुणावर रागवायचं तेच आता कळेनासं झालं होतं. आपलेच दात, आपलेच ओठ. पण राग गेला नव्हता... राग तेवढाच होता, किंबहुना वाढलाच होता. कुठून आला हा शब्द माझ्या हातात? पहिलीपासून किती निबंध लिहिले मी... शेतकरी अडाणी असतो, गावकरी अंधश्रद्ध असतात, त्यांना जागृत केले पाहिजे... अठरा वर्षं वहीत लिहितेय मी हे, दहापैकी आठ, दहापैकी नऊ, बाईंचा 'छान'चा शेरा, आणि संध्याकाळी घरी येऊन त्याच अडाणी माणसाच्या ताटात जेवतेय. त्याला नाही कधी विचारलं, तुला माहीत आहे का रे, मी तुझ्याबद्दल काय लिहिते.

परत आली तेव्हा उन्हं कलली होती. घराच्या मागच्या तुकड्यावर तिचा बाप कोंडू आणि आई शकू राबाशीच होते. कोंडूने सकाळीच सांगितलं होतं, सांजच्याला वारा पडला की पेटवू, तवर ये. तुकड्याच्या एका टोकाला धूर धरला होता, मातीखालून, जमिनीनेच श्वास सोडावा तसा. शकू पदर नाकाला लावून कडेचं गवत ओढून घेत होती, म्हणजे आग बाहेर जाऊ नये.

"आली बग पयली," शकू म्हणाली. कालपासून तिने हे आळीत घरोघर सांगून झालं होतं.

"आनलास ना कागूद?" कोंडूने माती ओढायचं दाताळं टेकवून विचारलं. तो चौथी शिकलेला. एसटीची पाटी वाचायचा, एवढं जोडाक्षरांचं मात्र त्याच्याच्याने होत नसे. "वाचून दाखव. काल नाय वाचलास."

ती म्हणू शकली असती, दमलेय, उद्या वाचते. मधलं एक वाक्य सोडूनही वाचू शकली असती, त्याला काय कळणार होतं? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली — काय कळणार होतं! म्हणजे अजून तेच. अजून निळ्या शाईनेच चाललंय. मग तिने उभ्या उभ्या सगळा निबंध वाचला. सुविचार वाचला, समस्या वाचल्या, आणि तो शब्द आला तेव्हा आवाज मुद्दाम चढवला, धमकी द्यावी तसा. अज्ञानापोटी. प्रबोधन केले. घातक प्रथा. कायमची सोडली. शेवटचा उगवता सूर्यही वाचला, आणि थांबली.

समोर राब धुमसत होता. शकूने हातातलं गवत खाली टाकलं. तिला शब्द कळले नसतील, पण पोरीच्या आवाजावरून काहीतरी कळलं असावं.

"सोडली, म्हनून लिवलंस?" कोंडू म्हणाला.

"हो."

"मी?"

"हो. मी समजावलं, मग तुम्ही सोडली. आणि तुम्हाला काही कळत नव्हतं म्हणून करत होता, असं पण लिहिलंय."

आता रागवा, ती मनात म्हणत होती. बाबा, आता तरी रागवा. दाताळं फेका, म्हणा, कारटे, हाच राब खाऊन एवढी झालीस. एक शिवी द्या. तुमची एक शिवी मी सरांच्या तोंडावर नेऊन मारीन.

कोंडू थोडासा हसला. खरंच हसला, कडवट नाही. "बरं केलंस. लिवन्यात आसंच लागत आसंल."

"असंच म्हणजे?"

"कागदावर आमी येडेच आसतो गो. जो साहेब येतो तो तसाच लिवून नेतो. तू तर घरची हायस." मग आठवण झाल्यासारखं त्याने विचारलं, "पन एकवीस पडलं ना त्याचं?"

तिला वाटलं, ओरडावं. कुणावर हे ठाऊक नव्हतं, पण शेणव्यापासून शहापूरपर्यंत ऐकू जाईल असं. त्याला वाईट वाटलं नव्हतं. त्याने ते वाक्य लेकीनं दिलेला पाण्याचा तांब्या घ्यावा तसं सहज घेतलं होतं, आणि हे तिला एकवीस मार्कांपेक्षा, सरांच्या हसण्यापेक्षा, निळ्या शाईपेक्षाही सहन होत नव्हतं. आपल्या बापाला आपल्याविरुद्ध साधं भांडताही येऊ नये!

खिशातला फोन थरथरला. सरांचा मेसेज होता: 'सहाला दहा कमी आहेत. ठेवू की काढू?'

शब्द काढला तर काय उरतं? तिने वाक्य मनात म्हणून बघितलं. बाप तसाच झाडं तोडत होता आणि लेक तशीच शहाणी होती. एक शब्द काढून हे जाणारं नव्हतं. सगळंच काढायचं तर त्या जागी काय लिहायचं? तिने तिथेच, धुराकडे बघत, सुविचाराशिवाय सुरुवात केली... माझे वडील मूठभर धूळ उडवून वारा बघतात, आणि मग... मग फांद्यांवर आधी माती घालून... किती माती? बोटभर? वीतभर? जास्त झाली तर आग विझते, कमी झाली तर भडकते, एवढं तिला वाटत होतं, पण वाटत होतं नुसतं. ऐनाचाच पाला का? कुठल्या फांदीला हात लावायचा नाही? चोवीस वर्षं ती या तुकड्याच्या कडेला उभी होती आणि चार ओळींत तिचं सगळं संपलं. अज्ञान म्हणून जो शब्द तिने लिहिला होता, त्याला माणूस सापडत होता खरा, पण तो कोंडू नव्हता.

"बाबा," ती म्हणाली. तिचा आवाज अजून रागाचाच होता, तिला तो बदलता येत नव्हता. "वर माती किती घालायची असते?"

कोंडूने वळून बघितलं. असं काही तिने आजवर विचारलं नव्हतं. त्याने दाताळ्याचा दांडा या हातातून त्या हातात घेतला, आणि मघाशी निबंध ऐकताना जो चेहरा जरासुद्धा हलला नव्हता, तो आता थोडा गोंधळला.

"कशाला गो?" त्याने विचारलं. "परीक्षेत येतंय काय?"

फोन पुन्हा एकदा थरथरला आणि थांबला, धूर त्यांच्या बाजूला वळला, आणि कोंडू अजून तिच्या तोंडाकडे बघत उभा होता.