जुळलेल्या खुणा

तिने पडद्यावरची आपली निळी खूण उचलली आणि मुद्दाम पुढे सरकवून नवऱ्याच्या लाल खुणेला खेटून ठेवली.

सूर्यावर ज्वाला उसळली की पडद्यावरच्या आलेखात क्ष-किरणांची रेघ एकदम वर चढते. ती नेमकी कधी चढायला लागली, हे दोघांनी एकमेकांचं न बघता ठरवायचं; दोन खुणांमधलं अंतर म्हणजे मोजमापातली चूक. अशा हजारो ज्वालांवर पुढची सगळी सांख्यिकी उभी राहायची. पद्धत नवऱ्यानेच घालून दिलेली. त्या बाबतीत तो इतका कडक, की लग्नानंतरही त्याने दोघांच्या टेबलांमधलं कपाट हलवू दिलं नव्हतं. या नवरा-बायकोचं एकमत होतं ते फक्त सूर्याबद्दल, असं सहकारी चिडवायचे.

गेल्या वर्षापासून त्याच्या खुणा उशिरा पडू लागल्या होत्या. रेघ डोळ्यांदेखत चढायची आणि तो नुसता बघत बसायचा. डॉक्टरांचं नाव काढलं की अंगावर यायचा. वाढलेलं अंतर विभागप्रमुखांना दिसलं असतं, तर त्यांनी त्याला गोड बोलून घरी बसवलं असतं. आणि या कामाशिवाय तो खचून जाईल, अशी तिला धास्ती होती. म्हणून जन्मात न केलेली लबाडी ती रोज करत होती, आणि रोज तिला स्वतःची लाज वाटत होती.

तो कपाटाआडून आला. खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला आणि उगाचच चष्मा पुसत राहिला.

“रागावणार नाहीस ना?”

“काय झालं?”

“तुझं जुनं काम काढून बघितलं. तेव्हा खूण कशी बरोब्बर चढाच्या पायथ्याशी पडायची. हल्ली उशीर होतोय गं तुला.” त्याने चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. “मी कुणाला बोललो नाही. पण एकदा डॉक्टरांना दाखवू या.”



“आणि तुमच्या खुणा?”

“माझ्या? त्या तर तुझ्या खुणांशी तंतोतंत जुळतात.”

पुढची पायरी एवढीशी होती: तिच्या खुणा उशिरा, तर त्याच्याही उशिरा. तिला आकडे वाचायला शिकवताना याच माणसाने अशा कितीतरी पायऱ्या हसतहसत ओलांडल्या होत्या. ती त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो मात्र काळजीने तिच्याकडेच बघत होता.

“उद्याच जाऊ,” ती म्हणाली. “पण तुम्ही आत याल ना माझ्याबरोबर?”

“म्हणजे काय! एकटीला पाठवीन का?” तिचा हात थोपटत तो म्हणाला. “घाबरू नकोस. आपण त्यांना सांगू, आधी मला तपासा.”