साळूबाईची पेटी

कृष्णेचं पाणी चढू लागलं की नदीतल्या पाणी उपसायच्या मोटारी वर काढायला काठावर एकच धांदल उडते. त्यासाठीच इंजिनिअर मयूरीने गावातल्या बत्तीस मोटारींवर पेट्या बसवल्या होत्या. पाणी खुणेला लागलं की पेटी सिग्नल पाठवणार, मालकाचा फोन वाजणार. गोम एवढीच, की पाणी सगळीकडे एकदम चढतं आणि बत्तीस पेट्या एकदम बोलतात. मयूरीचं यंत्र हा गुंता सोडवी. सगळ्यात जोरकस सिग्नल आधी ओळखायचा, तो वजा करायचा, मग उरलेल्यातला पुढचा. सगळ्यात शेवटी साळूबाईचा, कारण तिची मोटार लांबच्या वळणावर होती आणि सिग्नल सगळ्यात क्षीण.

पाणीसंस्थेचे चेअरमन नाथाजीराव. आपल्या बापाची पेटी चारचौघांसारखी बोलते हे त्यांच्या यशराजला खपलं नाही. त्याने सांगलीहून सिग्नलचा जोर वाढवणारा बूस्टर आणून जोडला. चाचणीतच मयूरीच्या लक्षात आलं, की तो सिग्नल आता इतका फाटतोय की नीट वजाच होत नाही. त्याचा उरलेला कचरा साळूबाईच्या सिग्नलवर बसतो. हे तोंडावर सांगायला हवं होतं. पण अख्ख्या तालुक्यात पेट्या बसवायचं काम मिळवायला नाथाजीरावांचं शिफारसपत्र लागणार होतं. मयूरीबाई मूग गिळून बसल्या. शहाणपण सगळं यंत्रात घातलं, स्वतःसाठी ठेवलंच नाही. वर साळूबाईला म्हणाली, "मावशी, आता काठावर खेपा घालू नका. फोन वाजेल."

ऑगस्टात भर दुपारी पाणी चढलं. एकतीस फोन वाजले. साळूबाई दुसऱ्याच्या शेतात तण भांगलत होती, तिचा वाजला नाही. तिची एकुलती एक मोटार वाहून गेली.

मयूरीने यंत्रातली नोंद तपासली. यशराजचा कचरा हाताने बाजूला केला, तर खाली साळूबाईची पेटी अकरा वेळा बोललेली निघाली.

संस्थेच्या बैठकीत नाथाजीराव म्हणाले, "यंत्र झ्याक हाय. म्हातारीचीच पेटी बिघडली आसंल. काय मॅडम?" सही केलेलं पत्र त्यांच्या हाताखाली होतं.

साळूबाई उठली. "ताई, तूच सांग. माझी पेटी बोललीच न्हाई व्हय?"

मयूरीला स्वतःची किळस आली. तरी ती म्हणाली, "नाही बोलली, मावशी."

"मग माझंच चुकलं," साळूबाईने सगळ्यांपुढे हात जोडले. "खेपा हुत्या तवर म्या रोज वल्या फडक्यानं पुसत हुते तिला. आत पाणी गेलं आसंल. तुझ्या यंत्राला उगं बोल लागला, ताई."