टाकी ठोकून बघताना

"कलिंगड घेतोयस का रे, मर्व्ह? किती ठोकशील?" त्याची बायको लॉर्ना पुटपुटली, पण अशी की टाक्या विकायच्या आवारातल्या सगळ्यांना ऐकू जावं.

मर्व्हनं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि सिमेंटच्या टाकीवर पुन्हा बोटांची पेरं आपटली. महिन्यातली ही तिसरी फेरी. नव्या घराचा पाया घालून झाला होता. सेप्टिक टाकी कुठली ते ठरल्याशिवाय कौन्सिल पुढचं काम करू देत नव्हती. मे संपत आला होता; इकडे हिवाळा जूनमध्ये सुरू होई. कॅरव्हॅनमध्ये लॉर्नाची उशी रोज सकाळी दंवानं ओली व्हायची आणि खरी थंडी अजून यायचीच होती.

मर्व्हनं एकतीस वर्षं मैला उपसायचा टँकर चालवला. खोऱ्यातल्या कुठल्या घरी पाहुणे फार, कुठली सून तव्यावरचं तेल मोरीत ओतते, झाकण उघडताच त्याला कळे. अशा माणसाला स्वतःसाठी एक टाकी निवडता येईना.

"आतला वायू हिचं झाकण खाणार. दहा वर्षांत भुगा."

"मग ही जाड झाकणाची घ्या, मर्व्हकाका," टानिया म्हणाली. आवार तिचं होतं. तिच्या बापाला हा धंदा मर्व्हनंच शिकवला होता.

"हिला क्रेन लागेल. आमच्या ओढ्यावरचा पूल झेलायचा नाही ते वजन."

"झेलतो की," लॉर्ना म्हणाली. "पायाचं काँक्रीट काय बदकांनी आणलं?"

मर्व्ह पुढच्या रांगेत गेला, तसाच मागं फिरला. टोपी काढली, घातली. हिरव्या प्लास्टिकच्या टाक्यांकडे त्यानं एकदाही पाहिलं नव्हतं.

टानियाही आता कंटाळली होती. तिनं एका हिरव्या टाकीवर थाप मारली. "मग ही घ्या ना! दोन माणसं उचलून ठेवतील. ओल्या जमिनीत रिकामी राहिली तर उसळते वर, पण उपसल्याबरोबर पाणी भरलं की झालं. तुम्हीच तर बाबांना..." तिनं जीभ चावली. "म्हणजे, पुरापुढे कोणाचं काय चालतं म्हणा."

"पूरच तसा होता," मर्व्ह म्हणाला.

वर्षभर सगळे हेच म्हणत आले होते. शेजारी, विमेवाला, चर्चमधल्या बायका. पूर खरं तर मागच्या पायरीशीच थांबला होता. घरामागे पुरलेली प्लास्टिकची टाकी थांबली नाही. जमीन फोडून ती वर आली, मागच्या खोलीखालचे खांब घेऊन गेली, आणि चव्वेचाळीस वर्षांचं लाकडी घर गुडघे टेकून बसलं.

मर्व्ह परत सिमेंटच्या टाकीशी गेला. टक, टक, टक. पेरं सोलवटली होती.

लॉर्नानं त्याचा हात धरला आणि आपल्या कोटाच्या खिशात घातला. तो काढायला गेला, तिनं काढू दिला नाही.

"पूर नव्हता तो, मर्व्ह," ती म्हणाली. "टाकी उपसून तू कोरडीच ठेवलीस. आणि पिण्याचं पाणी त्या घाणीत ओतू नकोस म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओरडले, ती मी."